ताईच्या खोलीतलं झाड

१२ जानेवारी

ताईने जाताना माझं नाव कोरीवकामाच्या वर्गात घालून ठेवलं होतं, मला न विचारता. म्हणाली, रविवारी भिंतींशी बोलत बसशील, त्यापेक्षा हाताला काहीतरी चाळा लावून घे. जसं काही माझ्या हातांना काम नसतं. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून मी कवळ्या बनवते, आणि माझ्या कवळ्या घालून अर्धं गाव जेवतं.

न जाण्याचंच ठरवलं होतं. पण दुपारी घर इतकं शांत झालं की फ्रिजची घरघर ऐकून मी दचकले. मग गेले.

वर्ग म्हणजे एका फर्निचरच्या कारखान्याची मागची पडवी आहे. मास्तर सत्तरीचे, बोलघेवडे. बोलताना त्यांची वरची कवळी सैल होऊन टकटक वाजते. त्यांनी काही विचारलं आणि माझ्या तोंडून आवाजच फुटेना. तेव्हा लक्षात आलं की शुक्रवारी दवाखान्यातून निघाल्यापासून मी कुणाशी एक शब्दही बोलले नव्हते.

१९ जानेवारी

आज झाडाचं चित्र काढून नेलं. मास्तरांनी ते लांब धरलं, जवळ धरलं आणि म्हणाले, "बाई, ही पानं आहेत की दात?"

सगळे हसले. मलाही हसू आलं, पण नंतर. डावीकडे जेवढी पानं तेवढीच उजवीकडे, सगळी एका मापाची, ओळीने बसवलेली. इतकी वर्षं जबडे जुळवल्यावर हात दुसरं काय काढणार.

मास्तर म्हणाले, उठावाच्या कामात झाड कोरायचंच नसतं. झाडाच्या भोवतीचं लाकूड काढून जमीन, म्हणजे झाडामागची सपाटी, खाली न्यायची, मग झाड आपोआप वर राहतं. ऐकायला सोपं वाटलं. दिवसभरात तळहाताएवढी जमीन खाली गेली आणि तीही खड्ड्याखड्ड्यांची.

संध्याकाळी ताईचा फोन. आपली मोठी कात्री कुठे असते, विचारत होती. मी म्हटलं, तू तिकडे बसून इथल्या कात्रीचं काय करणार? म्हणाली, सहज. तिची ही सवयच आहे. तिकडे गेली तरी देखरेख सुटत नाही.

२३ जानेवारी

लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते. ताई एकसष्ट वर्षांची आहे, मी छप्पन्न. आई-बाबा गेल्यापासून आम्ही दोघी या घरात, दोन खोल्यांत दोघी. लग्नाचं दोघींचंही राहूनच गेलं होतं आणि त्याचं दुःख कुणालाच नव्हतं, अशी माझी समजूत. मग ताई गुडघ्यांसाठी बागेत चालायला जायला लागली. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुतणीकडे येऊन राहिलेले एक विधुर गृहस्थ तिथे बाकावर बसत. एका डोळ्यावर पट्टी असतानाच त्यांनी तिला मागणी घातली. डिसेंबरात नोंदणी झाली आणि ताई त्यांच्या गावी गेली. इथून बसने चार तास.

मला राग आलेला नाही. पण जेवण अजून दोघींचंच होतं आणि सकाळी उरलेलं फेकताना मात्र राग येतो.

२ फेब्रुवारी

मोठी फळी घेतली. ताईच्या नव्या घरासाठी झाड करणार आहे, तिच्या दारावर लावायला. तिला सांगायचं नाही. लग्नात मी काही दिलं नव्हतं, सगळं इतकं घाईत झालं. तिच्या वाढदिवसापर्यंत, म्हणजे एप्रिलपर्यंत, होईल असं वाटतं.

मास्तर म्हणाले, रेषा बघून फळी धरा. लाकडाच्या रेषा खोडाबरोबर वर जायला हव्यात. आडव्या गेल्या तर बारीक फांद्या तुकडे होऊन हातात येतील.

घरी कुठे बसायचं हा प्रश्न होता. माझ्या खोलीत जागा नाही आणि स्वयंपाकघरात ओल. ताईच्या खोलीत उजेड चांगला येतो. पलंग खोलून दाराआड उभा केला, गादी गुंडाळून कपाटावर टाकली आणि जुनं टेबल आत सरकवलं. फळी शिकंज्यात आवळली. पहिला घाव घातला तेव्हा जरा कसंतरीच झालं. मग सवय झाली.

९ फेब्रुवारी

पटाशी रेषेच्या उलट गेली की लाकूड फाटतं, सरळ गेली की लोण्यासारखं सुटतं. पण पानाला तर दोन बाजू. एक बाजू वरून खाली कोरायची आणि दुसरी खालून वर. म्हणजे प्रत्येक पानाला हात बदलायचा किंवा स्वतः टेबलाभोवती फिरायचं. मी फिरते. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात गाठून विचारलं, वर कुणी आलंय का, पावलं वाजतात, ठकठक होते. मी म्हटलं, नाही, मीच. त्यांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

फोनवर ताई म्हणाली, दोन दिवस येईन म्हणते. मी घाईघाईने म्हटलं, आत्ता नको, दवाखान्यात फार काम आहे, मी घरी नसतेच. ती म्हणाली, बरं. मग खिडकीची कडी लावतेस ना, नळ गळतो का, असलं काय काय विचारत राहिली. माझा डावा हात भुश्याने भरलेला, फोन हनुवटीखाली धरलेला. कधी एकदा ठेवते असं झालं.

१५ फेब्रुवारी

फांद्या आल्या. खोडाची साल कोरायला बारीक पटाशी घेतली आणि आवाजच बदलला. मोठी पटाशी ठकठक करते, ही कुरकुर करते. दिवसभरात माझ्याशी बोललेलं तेवढंच.

कधी कधी मी पटाशी खाली ठेवून उगाच मोठ्याने म्हणते, "चहा टाकू का?" मग दोन कप काढले जातात. दुसरा परत ठेवताना उगाचच दाराकडे बघते, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून.

२३ फेब्रुवारी

घात झाला. सगळ्यात पुढचं पान, ज्याच्यामुळे सारी फांदी पुढे आल्यासारखी दिसत होती, त्याचं टोक उडालं. जरा जोर जास्त झाला, बाकी काही नाही. तुकडा उडून कुठे गेला तेही सापडलं नाही. भुश्यात गुडघ्यांवर बसून अर्धा तास शोधला.

दवाखान्यात असं कधी होत नाही. आम्ही आधी मेणात काम करतो. जास्त खरवडलं गेलं तर चमचाभर मेण वितळवून परत लावलं की झालं. लाकडाला ही सोय का नसावी?

२५ फेब्रुवारी

सोय केली. दवाखान्यातलं कडक मेण आणलं, त्यात लाकडाचा बारीक भुसा आणि तपकिरी रंग मिसळला आणि टोक भरून काढलं. थंड झाल्यावर शिरा कोरल्या. मेणाचं कुठलं आणि लाकडाचं कुठलं, मलाच कळेना. डॉक्टरीणबाई नेहमी म्हणतात तुमच्या हातात जादू आहे, ते उगाच नाही.

२ मार्च

मास्तरांना फळी दाखवली. त्यांनी बरोबर तेच पान दाखवून सगळ्यांना सांगितलं, बघा, असं पान हवं. मी मूग गिळून बसले. मग त्यांनी फडक्याने थोडं तेल चोळलं, रेषा कशा उठतात ते बघायला, आणि फळी अंगणात उन्हात ठेवली. चहा होईपर्यंत सगळी फळी काळसर तुकतुकीत झाली आणि ते एक पान पांढरट, कोरडं. मास्तरांनी अंगठा लावला. अंगठा आत गेला.

ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, "मेण?" मी मान हलवली. मला ब्रह्मांड आठवलं.

"बाई," ते म्हणाले, "लाकडात फक्त वजाबाकी असते. गेलेलं भरायला जाऊ नका."

मग त्यांनी उपाय सांगितला. ते पान आहे तिथेच लहान करायचं आणि त्याच्याभोवतीची सगळी पानं त्याच्याहून खाली न्यायची. म्हणजे पुढचं पान पुन्हा पुढे दिसेल. एका पानासाठी अख्खी फांदी नव्याने करायची. कपाळाला हात लावला.

३ मार्च

मास्तरांची कवळी दवाखान्यात आणवून आतून भरून दिली. कवळीत भर चालते. आता ती वाजत नाही, त्यामुळे ते आधीपेक्षाही जास्त बोलतील.

ताईचा फोन. "माझा पलंग आहे ना तसाच?" तिने विचारलं. दाराआड उभे असलेले पलंगाचे चार पाय माझ्यासमोर होते. मी म्हटलं, आहे ना, जाईल कुठे. ती म्हणाली, मग या आठवड्यात येऊ का? मी म्हटलं, एवढ्यात नको गं, रंगकाम काढायचा विचार आहे, मीच सांगेन तुला. ती गप्प राहिली. मला वाटलं लाइन गेली.

१६ मार्च

दोन रविवार ताईचा फोन नाही. रमलेली दिसते. बरंच झालं, संध्याकाळ मोकळी मिळते. खालच्या बाई म्हणाल्या, ताईंशी बोलले मी परवा, त्यांनी तुमची चौकशी केली. म्हणजे खालच्या बाईंना फोन करायला वेळ आहे. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या हे खरं आहे, पण मी चेहऱ्यावर दाखवलं नाही.

फांदी अर्धी खाली नेली. पान खरंच पुढे यायला लागलंय.

२३ मार्च

आज मीच फोन केला. त्या गृहस्थांनी उचलला, ती झोपली आहे म्हणाले. दुपारी चार वाजता. ताई दुपारी कधी झोपत नाही. मला वाईट वाटलं. इतकी वर्षं एका ताटात जेवलो आणि माझ्याशी बोलणं टाळायला झोपायची वेळ आली.

सबंध संध्याकाळ पटाशीला धार लावली. धार आधीच होती.

२५ मार्च

आज दवाखान्यात फोन आला. "मी बोलतोय," ते गृहस्थ म्हणाले, "तुमच्या ताईचा..." आणि पुढे काय म्हणावं हे त्यांना सुचेना. मी म्हटलं, बोला.

ताई सकाळच्या बसने इकडे निघाली होती. मला कळवू नका म्हणून त्यांना बजावून. ते म्हणाले, लग्न होऊन आली त्याच दिवशी मी कपाट रिकामं करून दिलं. पण तिची बॅग अजून भरलेलीच आहे. कपडे बॅगेतून काढते, धुऊन वाळले की घडी करून परत बॅगेत ठेवते. मी काही बोललो नाही, म्हटलं वेळ लागेल. पण दहा-बारा दिवसांपूर्वी तुमच्या खालच्या बाईंनी तिला सांगितलं की तिच्या खोलीत भाडेकरू आलाय, वर सारखा वावर असतो, गादी हलवताना त्यांनी पाहिलं. तेव्हापासून ती जेवतसुद्धा नाही धड.

"तुमचा नाइलाज असेल," ते म्हणाले. "मी दोष देत नाही. फक्त ती आली की तिला एकदम परत पाठवू नका."

मी म्हटलं, कुणीही भाडेकरू नाही. मग मला पुढे बोलताच येईना. त्या माणसाने तिकडून हळूच विचारलं, तुम्ही ठीक आहात ना? मी म्हटलं, हो, भाऊजी.

धावत घरी आले. पलंगाच्या पट्ट्या जोडायला घेतल्या, तर एक बोल्ट सापडेना. भुश्यात हात घालघालून शोधते आहे, पलंगाचा एक पाय काखेत धरलेला, आणि वर बघते तर ताई दारात उभी. हातात बॅग. दार मी घाईत उघडंच टाकलं होतं.

तिने खोली पाहिली. खोलीभर भुसा, पटाश्या, खोललेला पलंग.

"भाडेकरू कुठे आहे?" तिने विचारलं.

मी झाडाकडे बोट दाखवलं.

ती बराच वेळ झाडाकडे बघत राहिली. मी सांगत सुटले, तुझ्या दारासाठी होतं, वाढदिवसाला द्यायचं होतं, म्हणून तुला येऊ देत नव्हते, सगळं सांगून टाकलं. ती गुंडाळलेल्या गादीवर बसली.

"किती वेळा विचारलं मी तुला, येऊ का म्हणून," ती म्हणाली. "मला झाड नको होतं गं. नुसतं ये म्हणाली असतीस तर पुरलं असतं."

आणि ती रडायला लागली. बाबा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मी तिच्या शेजारी बसले. माझ्या हाताचा भुसा तिच्या पाठीवर लागला, तो झटकायच्या निमित्ताने मी बराच वेळ हात फिरवत राहिले.

२८ मार्च

बोल्टवरून दोन दिवस भांडण चाललंय. ताई म्हणते मी हरवला, मी म्हणते पहिल्यापासून तीनच होते. शेवटी चौथ्या ठिकाणी दोरी बांधली. टेबल आता स्वयंपाकघराच्या दारात आहे, ताई येता-जाता त्याला अडखळते आणि मला बोल लावते. घरात आवाज आहे. इतकं बरं मला डिसेंबरपासून वाटलं नव्हतं.

फांदी पूर्ण झाली. ताई म्हणाली, हे पुढचं पान सगळ्यात चांगलं जमलंय. मी तिला मेणाची गोष्ट सांगितली तेव्हा ती खुर्चीत मागे पडून हसली.

३० मार्च

वर्गाला गेले नाही. ताई भाजी चिरत होती आणि चिरता चिरता म्हणाली, "मी राहूच का इथे? त्यांना सांगेन, जमत नाही म्हणून. ते काही बोलणार नाहीत, स्वभावाने चांगले आहेत."

मी विचारलं, मग नडतंय कुठे? ती म्हणाली, कपबशी कुठे ठेवायची हेही तिथे विचारावं लागतं. ते म्हणतात, कुठेही ठेव. कुठेही म्हणजे कुठे? सगळं जागच्या जागी आहे त्या घरात, त्यातलं काहीच मी ठेवलेलं नाही. पाहुण्यासारखी बसते आणि वाट बघते.

कसली वाट, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं. मी राहा म्हटलं असतं तर ती राहिली असती. डिसेंबरपासून मला दुसरं काही नकोच होतं. मी म्हटलं, उद्या बोलू.

३१ मार्च

दवाखान्यात आज एक आजोबा आले. नवी कवळी रुतते, परक्याची वाटते, म्हणून खिशात घालून फिरत होते. मी त्यांना रोज सगळ्यांना सांगते तेच सांगितलं. खिशात ठेवलेली कवळी कधीच आपली होत नाही. तोंडात ठेवा, कुरकुर करा, माझ्याकडे या, मी घासून देईन, पण काढून ठेवू नका. बोलता बोलता माझा मलाच राग आला.

संध्याकाळी ताईला ते सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे त्यांना कवळी म्हणतेस? मी म्हटलं, त्यांना नाही, घराला. ती हसली नाही. "तुला मी नकोय," म्हणाली.

मी म्हटलं, तू मला इतकी हवी आहेस की मी दोघींचा स्वयंपाक करून तो टाकून देते. पण तुझी बॅग तू उघडलेलीच नाहीस. एकदा उघड. मी येते बरोबर. नाहीच जमलं तर ही खोली आहे, आणि खोलीत यायला तू यापुढे मला विचारायचं नाही.

तिने टेबलावरचा भुसा तळहाताने गोळा केला. मग म्हणाली, ते झाड तिकडे नको नेऊस. माझ्या खोलीतच लाव, पलंगासमोर.

५ एप्रिल

ताईला पोचवायला गेले होते. पहिल्यांदाच ते घर पाहिलं. भाऊजी बसस्टँडवर उभे होते, कधीपासून कोण जाणे. त्यांनी बॅग घ्यायला हात पुढे केला, मी दिली नाही.

कपाट खरंच रिकामं होतं, आत नवा कागदही घातलेला. मी बॅग पलंगावर ठेवली आणि उघडली. ताई बाजूला बसली, हातही लावला नाही. मी एकेक कपडा काढत गेले. रोजचे खालच्या फळीवर, चांगले वरच्या. स्वेटर कोपऱ्यात. आमच्या घरातल्या साबणाचा वास येत होता त्यांना. मध्येच ताई म्हणाली, "ते तिथे नको, उजवीकडे ठेव." मी म्हटलं, तूच ठेव मग. ती उठली. तिने सगळंच काढलं आणि तिच्या पद्धतीने परत लावायला घेतलं. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले, कारण मला तिथे थांबवेना.

जेवण झाल्यावर निघाले. रिकामी बॅग मी काखेत मारली. ताई म्हणाली, राहू दे ना ती इथे. मी म्हटलं, नको, घरी असू दे. तिने हट्ट केला नाही.

बस अर्धी रिकामी होती. सगळ्या वाटेत मला रडू येत होतं आणि मी ते आवरलं नाही. शेजारच्या बाईंनी पाणी दिलं. माझं तोंड आणि मांडीवरची बॅग बघून त्यांनी मायेने विचारलं, "माहेराहून निघालात का?"

मी म्हटलं, "नाही हो. बहिणीला सासरी सोडून आले. तिचं माहेर म्हणजे मीच."